चार किलोचा पाइप आठ मीटरवर का चेपला?

शेतीला पाणी नेणारे पीव्हीसीचे पाइप तुम्ही पाहिलेच असतील. आमच्या सातारा-सांगली भागात तर ते बांधाबांधावर दिसतात. दुकानात गेल्यावर शेतकरी ‘चार किलोचा द्या’, ‘सहा किलोचा द्या’ असे म्हणतो. हे किलो पाइपाच्या वजनाचे नव्हेत, दाबाचे आहेत. दर चौरस सेंटिमीटरला चार किलोग्रॅम-भार इतका पाण्याचा दाब जो पाइप निर्धोकपणे सोसतो, तो चार किलोचा पाइप. या लेखात दाबासाठी आपणही ‘किलो’ हेच सुटसुटीत नाव वापरू.

अशाच एका चार किलोच्या पाइपाने मला आणि माझ्या विद्यार्थ्यांना चांगला धडा शिकवला. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. दाब, प्रतिबल, स्थितिस्थापकता हे शब्द माझ्या तोंडी रोजचे. तरीही चूक झाली, आणि ती कशी झाली हेच तुम्हांला सांगायचे आहे.

विहिरीत उतरायचे कोणी?

वाळवा तालुक्यात माझ्या एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांची विहीर आहे. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. विहिरीत १४ मीटर पाणी होते आणि तळाशी पाणबुडी पंप अडकला होता. दोर ओढला की तो थोडा हलायचा आणि पुन्हा अडायचा. अशा वेळी गावात डुबकी मारणारा एखादा गडी बोलावतात. पण मागच्या खेपेला त्या गड्याचा पाय तळाशी दोरात गुरफटला होता आणि तो कसाबसा वर आला होता. तात्यांनी तेव्हाच ठरवले होते की पंप गेला तरी चालेल, पण पुन्हा माणूस खाली सोडायचा नाही.

विद्यार्थी म्हणाले, “सर, माणसाऐवजी कॅमेरा सोडू या. जलरोधक पेटीत कॅमेरा आणि दिवा ठेवू, बाहेरून दोन लहान पंखे लावू. पेटी वळवता आली की पंप कुठे अडकला ते दिसेल.” कल्पना चांगली होती. पंखे, दिवा, कॅमेरा या गोष्टी मिळतात. खरा प्रश्न पेटीचा होता. पाण्याचा दाब स्वतः सोसून आतली हवा जशीच्या तशी राखणाऱ्या अशा पेटीला दाबकवच म्हणतात. पाणबुडीचे मुख्य अंग तेच असते.

आम्ही ११० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा, चार किलोचा पाइप घेतला. त्याचा एक मीटर लांबीचा तुकडा कापला आणि दोन्ही तोंडांना ॲक्रिलिकची जाड झाकणे लावली.

गणित बरोबर, पण प्रश्न वेगळा

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब जवळजवळ एक किलोने वाढतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची प्रसिद्ध विहीर आहे. तिची खोली ११० फूट, म्हणजे सुमारे ३३ मीटर सांगतात. ती काठोकाठ भरली असे मानले, तर तळाशी ३.३ किलो दाब असेल. कोयना धरणाची उंची पायापासून १०३ मीटर आहे. तेवढ्या खोल पाण्याखाली दाब १० किलोहून थोडा अधिक होईल. (हा केवळ पाण्याचा दाब झाला. वातावरणाचा एक किलो दाब वेगळा. पण आपल्या कवचाच्या आतही तेवढ्याच दाबाची हवा असल्याने तो आपण हिशेबात धरत नाही.)

आता आमचे गणित पाहा. तात्यांच्या विहिरीच्या तळाशी दाब १.४ किलो. पाइप ४ किलोचा. म्हणजे जवळजवळ तिप्पट सुरक्षितता! गणित फळ्यावर मांडले, सर्वांना पटले.

पहिल्या चाचणीला कॅमेरा आत ठेवला नाही, हे एक शहाणपण आम्ही केले. रिकाम्या कवचाला दगडांची जाळी बांधली, दोराला दर मीटरवर खूण केली आणि ते हळूहळू विहिरीत सोडले. आठवी खूण पाण्यात गेली आणि खालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला. दोराला हिसका बसला आणि पाठोपाठ बुडबुड्यांचा लोट वर आला. कवच बाहेर काढले, तर चरकातून निघालेल्या उसाच्या चिपाडासारखा पाइप मधोमध चपटा झालेला!

विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागले. मी पाइपाकडे पाहत होतो. तेवढ्यात तात्या म्हणाले, “सर, तुम्ही डिलिव्हरीची नळी सक्शनला लावल्यासारखं केलंय. ती चिकटायचीच.”

किर्लोस्करवाडीच्या पंपांचा हा मुलूख. इथल्या शेतकऱ्याला पंप कसा चालतो हे सांगावे लागत नाही. पंप ज्या नळीतून पाणी वर ओढतो ती सक्शनची नळी आणि ज्या नळीतून पाणी पुढे ढकलतो ती डिलिव्हरीची नळी. डिलिव्हरीच्या नळीत पाण्याचा दाब आतून बाहेर असतो. सक्शनच्या नळीत आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तिला दाबते. म्हणून सक्शनच्या नळीच्या अंगात कडक मळसूत्री कडे घातलेले असते. डिलिव्हरीची मऊ नळी तिथे लावली, तर ती आत ओढली जाऊन चिकटते आणि पाणी बंद होते.

तात्यांच्या त्या एका वाक्यात आमच्या चुकीचे निदानही होते आणि उपायही. पाइपावरचे चार किलो आतून येणाऱ्या दाबाचे होते. बाहेरून येणाऱ्या दाबाबद्दल ते काहीच सांगत नव्हते.

आतून आणि बाहेरून

पण दाब आतून आला काय किंवा बाहेरून आला काय, फरक का पडावा? एक सोपा प्रयोग करा. शीतपेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. पेय भरलेले असताना तिच्यात वायूचा दाब कित्येक किलो असतो आणि ती दगडासारखी टणक लागते. आता त्याच रिकाम्या बाटलीला तोंड लावून आतली हवा ओढा. तुमच्या फुप्फुसांची ओढ ती किती! तरी बाटली चटकन आत चेपते.

याचे कारण आकारात आहे. कोणताही पाइप अगदी तंतोतंत गोल नसतो, तो किंचित लंबगोल असतोच. आतून दाब दिला, की तो दाब लंबगोलाला पुन्हा गोल करू पाहतो. चपटी पडलेली सायकलची ट्यूब हवा भरताच गोल होते, तसेच हे. म्हणजे आतला दाब आकारातली चूक सुधारतो. बाहेरचा दाब याच्या उलट वागतो. पाइप जिथे थोडा चपटा आहे तिथे तो त्याला आणखी चपटा करतो. जितका चपटा होईल तितकी त्याची प्रतिकार करण्याची ताकद कमी होते, आणि ताकद कमी झाली की तो अधिकच चपटा होतो. एका ठराविक दाबापर्यंत पाइपाचा ताठपणा या ओढीला पुरून उरतो. तो दाब ओलांडला, की क्षणार्धात सारे कोसळते. अभियंते याला बकलिंग म्हणतात.

आमच्या पाइपातले प्रतिबल किती होते, तेही पाहू. पाइपाच्या भिंतीतले प्रतिबल म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. आठ मीटरवर दाब ०.८ किलो, सरासरी त्रिज्या ५.३७५ सेंटिमीटर आणि जाडी ०.२५ सेंटिमीटर. उत्तर येते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलोग्रॅम. पीव्हीसी साडेचारशेच्या आसपास सोसते. म्हणजे आपल्या बळाच्या पंचविसाव्या हिश्शावरच पाइप हरला होता. हार साहित्याची नव्हती, आकाराची होती.

जाडीचा घन

प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने दाबा. ती तुटत नाही, बाजूला बाक धरते. आता तिच्या दुप्पट जाडीची पट्टी घ्या. ती बाक धरायला दुप्पट नव्हे, आठपट जोर लागेल. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: २ × २ × २ = ८.

पाइप चपटा होणे म्हणजे त्याची भिंत वाकणेच होय. म्हणून लांब पाइप बाहेरच्या ज्या दाबाला कोसळतो, तो दाब ‘जाडी भागिले त्रिज्या’ या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्याला गुणायचा आकडा साहित्याच्या यंग गुणांकावरून मिळतो, म्हणजे ताठपणावरून. साहित्य किती बळकट आहे, याचा या सूत्रात उल्लेखही नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. पीव्हीसीचा यंग गुणांक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०,००० किलोग्रॅम आहे. त्यावरून गुणायचा आकडा सुमारे ८,७५० येतो.

आमच्या पाइपासाठी जाडी भागिले त्रिज्या म्हणजे ०.२५ ÷ ५.३७५ = ०.०४६५. याचा घन सुमारे ०.०००१. त्याला ८,७५० ने गुणले की ०.८८ किलो दाब मिळतो, म्हणजे ८.८ मीटर खोली. आमचा पाइप आठ मीटरवर चेपला. उरलेली तूट गोलाईतली. तो दुकानाबाहेर उन्हात पडून होता. नंतर त्याच लांबीच्या उरलेल्या तुकड्यावर कॅलिपर लावला, तेव्हा एका बाजूने व्यास ११०.५ आणि दुसऱ्या बाजूने १०९ मिलिमीटर भरला. हे मापन आधी करायला हवे होते.

कड्यांची करामत

मग उपाय काय? सरळ उपाय म्हणजे दुप्पट, पाच मिलिमीटर जाडीचा पाइप घेणे. वरचे सूत्र सांगते की तो सुमारे साडेसात किलोपर्यंत टिकेल. पण एक मीटर लांबीला त्याचे वजन १.१ किलोग्रॅमने वाढेल. दुसरा उपाय तात्यांच्या सक्शनच्या नळीने दाखवलेला: कडी घालणे.

कडी नेमके काय करते? पाइप चपटा व्हायचा तर त्याचा गोल छेद लंबगोल व्हायला हवा. आत घट्ट बसवलेली जाड कडी तिच्या जागी हे होऊ देत नाही. दोन कड्यांच्या मधल्या भागाला मोठा बाक घ्यायला जागाच उरत नाही. त्याला तीन, चार, पाच अशा लहान लहान सुरकुत्या घ्याव्या लागतात आणि सुरकुती जितकी आखूड, तितका तिला जोर अधिक लागतो. निसर्गाने हे फार पूर्वी ओळखले आहे. पोकळ कळकाला ठराविक अंतरावर गाठी असतात, त्या याच कामी येतात.

बाहेरच्या दाबाखाली नळ्या कशा कोसळतात, याचे पद्धतशीर प्रयोग स्कॉटिश अभियंते विल्यम फेअरबेर्न यांनी केले आणि ते १८५८ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न पाणबुडीचा नव्हता, बाष्पित्राचा होता. त्या काळच्या बाष्पित्रात जाळाची मोठी नळी पाण्यातून जात असे, तिच्याबाहेर वाफेचा दाब असे आणि ती आत चेपून भीषण अपघात होत. फेअरबेर्न यांना आढळले की नळीची लांबी दुप्पट केली तर ती निम्म्या दाबालाच कोसळते. म्हणून त्यांनी लांब नळीला मध्ये मध्ये ताठ कडी बसवण्याचा उपाय सुचवला. कड्यांमुळे लांब नळी अनेक आखूड नळ्यांसारखी वागते.

आमच्या पाइपासाठी पुढच्या काळातील सूत्राने आकडे काढले, ते असे:

कड्यांतील अंतर ४० सेंटिमीटर – कोसळण्याचा दाब १.८ किलो
कड्यांतील अंतर २० सेंटिमीटर – कोसळण्याचा दाब ३.८ किलो
कड्यांतील अंतर १० सेंटिमीटर – कोसळण्याचा दाब ७.८ किलो

दर दहा सेंटिमीटरला एक, अशा एक मीटरमध्ये नऊ कड्या बसतात. बारा मिलिमीटर प्लायवूडच्या नऊ कड्यांचे वजन जेमतेम ३०० ग्रॅम. म्हणजे जाड पाइपाने १.१ किलोग्रॅम घेऊन जे साधले असते, तेच काम कड्यांनी ३०० ग्रॅममध्ये केले. पाणबुडीच्या कवचाला आतून किंवा बाहेरून कड्यांच्या रांगा असतात, त्या याच कारणाने. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘शल्की’ ही पाणबुडी १९९२ साली नौदलात दाखल झाली. तिच्यासारख्या प्रचंड नौकेचे कवच आणि तात्यांची सक्शनची नळी, दोघांचे तत्त्व एकच.

हलके म्हणजे किती हलके?

इथे एक शंका येईल. वस्तू पाण्यातच बुडवायची, तर ती हलकी कशाला हवी? आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. आमच्या कवचाने साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारले, म्हणून त्यावर साडेनऊ किलोग्रॅमचे प्लावक बल वर लागले. पाइप, कड्या, झाकणे आणि त्यांना आवळणाऱ्या सळ्या मिळून वजन सुमारे तीन किलोग्रॅम. उरले साडेसहा. या साडेसहात कॅमेरा, दिवा आणि बॅटरी बसवायची. तरीही जे उरेल, तेवढे लोखंड किंवा दगड भार म्हणून बांधायचे. पाण्यात यंत्र तरंगूही नये आणि दगडासारखे बुडूही नये, किंचित वर येण्याकडे त्याचा कल असावा, म्हणजे दोर तुटला तरी ते आपोआप वर येते.

म्हणून ‘हलके’ याचा अर्थ ‘बाजूला सारलेल्या पाण्याच्या मानाने हलके’ असा घ्यावा. पाइपाच्या भिंतीचे वजन आणि त्याने सारलेल्या पाण्याचे वजन यांचे गुणोत्तर काढा. ते ‘जाडी भागिले त्रिज्या’ आणि साहित्याची सापेक्ष घनता यांवरच अवलंबून असते. आमच्या पाइपात ते सुमारे आठवा हिस्सा होते. पाइपाचा व्यास आणि जाडी दोन्ही दुप्पट केली, तर हा हिस्सा तोच राहतो आणि कोसळण्याची खोलीही तीच राहते. विहिरीतल्या खेळण्याला आणि समुद्रातल्या नौकेला एकच गणित लागू पडते, ते यामुळे.

यातून व्यवहाराची एक गोष्ट कळते. उथळ पाण्यासाठी कवच फार हलके करण्याचा हव्यास धरू नये. वाचवलेले प्रत्येक शंभर ग्रॅम वजन शेवटी दगड म्हणून परत बांधावे लागते! ते वजन जास्तीच्या कड्यांमध्ये घालणे शहाणपणाचे. खोली वाढत गेली की मात्र भिंत जाड होते, सारे प्लावक बल तीच खाऊन टाकते आणि प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो.

कवच बांधू या

आमचे दुसरे कवच असे होते. शाळेच्या विज्ञानमंडळात शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हीही ते करू शकाल.

पाइप निवडताना चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी निरनिराळ्या दिशांनी व्यास मोजा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास यांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर दुसरा पाइप घ्या. लेथवर दोन्ही तोंडे काटकोनात साफ करून घ्या.

कड्यांचा बाहेरचा व्यास १०५ मिलिमीटर आणि आतला ७५ मिलिमीटर ठेवा. कडी सैल बसली तर तिचा उपयोग नाही. ती जेमतेम सरकावी आणि तिच्या कडेला दोन भागांचे ॲरल्डाइट लावून चिकटवावी. आत जायची प्रत्येक वस्तू ७५ मिलिमीटरच्या भोकातून जायला हवी. म्हणून बॅटरी आणि कॅमेरा आधी आणा, कड्या नंतर कापा. आम्ही हे उलट केले आणि एक बॅटरी वाया गेली.

दोन्ही टोकांना पाइपावरून कपलरचा तुकडा चिकटवा, म्हणजे झाकण टेकायला रुंद काठ मिळेल. झाकण म्हणून १४ सेंटिमीटर चौरस, १२ मिलिमीटर जाड ॲक्रिलिक घ्या. सपाट झाकण वाकते, म्हणून ते भिंतीपेक्षा बरेच जाड लागते. १४ मीटर खोलीवर या झाकणावर सुमारे १३३ किलोग्रॅमचा भार असतो, म्हणजे जणू दोन मोठी माणसे त्यावर उभी आहेत. झाकण आणि काठ यांमध्ये मऊ रबराचा वायसर ठेवा आणि चार कोपऱ्यांतून आटे पाडलेल्या सळ्या घालून नट सारखे आवळा. खोली वाढेल तसा पाण्याचा दाबच झाकणाला रबरावर अधिक घट्ट दाबतो.

वायर बाहेर काढण्याची जागा ही सर्वांत कच्ची जागा. एकाच भोकातून, रबरी ग्लँड लावून सर्व वायरी काढा. रेडिओलहरी पाण्यात फार दूर जात नाहीत, म्हणून कॅमेऱ्याचे चित्र वायरीनेच वर आणावे लागते.

परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास नको

कवच तयार झाले की आधी ते रिकामेच सोडायचे. आत कोरडा टीपकागद ठेवा. एक थेंब आला तरी तो सांगतो. जितक्या खोलीवर काम करायचे, तिच्या दीडपट खोलीवर चाचणी घ्यावी. आम्ही ओळखीच्या एका अधिक खोल विहिरीत २१ मीटरवर कवच सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. रात्रभर अशासाठी, की प्लॅस्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू नमते. दहा मिनिटे टिकलेले कवच दहा तास टिकेलच असे नाही. कागदी गणित ७८ मीटरचे असताना आम्ही १४ मीटरवर का थांबलो, याचेही उत्तर हेच. गोलाईतली चूक, चिकटवलेला सांधा, नमणारे प्लॅस्टिक, या सर्वांसाठी पाचपट राखीव ठेवलेली बरी.

काही गोष्टी मात्र कधीही करू नका. कवचात पंपाने हवा भरून चाचणी घेऊ नका. दाबलेली हवा फुटली की प्लॅस्टिकच्या ठिकऱ्या गोळीसारख्या उडतात. कठडा नसलेल्या विहिरीवर हा प्रयोग करू नका आणि वडीलधारी माणसे सोबत असल्याशिवाय तर मुळीच नको. कवच खाली अडकले तर ते आणायला कोणी उतरायचे नाही. माणूस उतरू नये म्हणूनच तर ते बनवले. आणि घरी बनवलेल्या कवचात माणूस बसवण्याचा विचारही करू नका.

शेवटच्या सूचनेमागे दुःखद अनुभव आहे. १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ ही खासगी पाणबुडी अटलांटिक महासागरात ३,८०० मीटर खोलीवरील ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहायला निघाली आणि वाटेत तिचे कवच कोसळून आतील पाचही जण मरण पावले. तिचे दंडगोलाकार कवच कार्बनतंतूंचे होते. कार्बनतंतू ओढीखाली असामान्य बळकट. पण पाण्याखाली कवचावर ओढ येत नाही, दाब येतो. त्रयस्थ संस्थेकडून कवच तपासून प्रमाणित करून घेतलेले नव्हते. आमच्या चुकीशी तिची बरोबरी नाही. पण आम्हांला रिकाम्या पाइपाने जे शिकवले, ते तिथे माणसे आत असताना कळले.

विहिरीपासून समुद्रतळापर्यंत

आता याच गणिताचे दुसरे टोक पाहू. चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी हाती घेतली. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणे हा तिचा उद्देश. तिथे दाब सुमारे ६०० किलो! तिचे दाबकवच टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल आहे, आतील व्यास २.१ मीटर आणि जाडी ८० मिलिमीटर. गोलाला सर्व दिशांनी बाक असतो, म्हणून तो दंडगोलापेक्षा ताठ. शिवाय त्यातले प्रतिबल तेवढ्याच त्रिज्येच्या आणि जाडीच्या दंडगोलाच्या निम्मेच असते.

या गोलाचे वजन काढून पाहा. झरोके आणि झाकणे सोडून दिली तर ते सुमारे ५.३ टन भरते. बाजूला सारलेले समुद्राचे पाणी सुमारे ६.२ टन. म्हणजे गोल जेमतेम तरंगतो. हाच गोल पोलादाचा केला तर ९.४ टन होईल आणि तळाला जाईल. मग त्याला वर आणायला वेगळे तरंगते साहित्य जोडावे लागेल. आमच्या पाइपात भिंतीचे वजन सारलेल्या पाण्याच्या आठवा हिस्सा होते, इथे ते पाच षष्ठांशांहून अधिक झाले. खोल समुद्रात हलक्या पण बळकट धातूसाठी एवढा खर्च का करतात, ते आता कळले असेल.

आणि तात्यांचा पंप? पहिल्या दिवशी गढूळ पाण्यात काहीच दिसले नाही. गाळ बसायला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी चित्रात दिसले की पंपाचा दोर विहिरीच्या बांधकामातून पुढे आलेल्या एका दगडाभोवती फिरला आहे. दोर कोणत्या बाजूने सैल सोडायचा हे कळल्यावर अर्ध्या तासात पंप वर आला. पाण्यात कोणीही उतरले नाही.

चेपलेला पहिला पाइप मी प्रयोगशाळेत ठेवला आहे. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या हाती तो देतो आणि विचारतो, “हा चार किलोचा पाइप आहे. किती खोल जाईल?” जो विद्यार्थी उत्तर देण्याआधी “सर, चार किलो आतून की बाहेरून?” असे विचारतो, त्याला पुढचे शिकवायला फार वेळ लागत नाही.

करून पाहा

१. वहीच्या कागदाची नळी करून ती बोटांनी दाबा. मग आत पुठ्ठ्याच्या दोन-तीन गोल चकत्या चिकटवून पुन्हा दाबा. फरक नोंदवा.

२. १६० मिलिमीटर व्यासाच्या, चार मिलिमीटर जाडीच्या लांब पीव्हीसी पाइपाची कोसळण्याची खोली काढा. लेखातल्या पाइपापेक्षा ती किती वेगळी आली? (सरासरी त्रिज्या ७.८ सेंटिमीटर धरा.)

३. ‘मत्स्य ६०००’च्या गोलातील प्रतिबल काढा. गोलासाठी सूत्र: दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडीची दुप्पट. उत्तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३,९०० ते ४,१०० किलोग्रॅमच्या दरम्यान यायला हवे.